बटाट्याचं पाप

निमगाव केतकीच्या बाजारतळामागं एका महाराजांचा पत्र्याचा मठ होता. चौऱ्याण्णव साली दर गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. गर्दीच्या मधोमध, पाटावर पाय ठेवून झुंबरबाई बसलेली असायची. तिच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. एसटी स्टँडवर तिचं चहाचं हॉटेल, त्यामुळं तो पाय साऱ्या गावाला ठाऊक होता.

महाराज आधी कुणाच्या तरी धडधाकट हातावर झारीतली गंगा सोडायचे. पाणी नुसतं ओघळून जायचं. मग तेच पाणी झुंबरबाईच्या जखमेवर पडायचं आणि जखम पांढऱ्या फेसानं फसफसून यायची.

"पाप उकळतंय बघा," महाराज म्हणायचे. "मागल्या जन्मीचं हाय, येळ लागणार. पाप न्हाय तितं गंगा गप बसती. आमी काय करीत न्हाय, तीच बोलती."

गंगा बोलायची, पण महाराजांना हवं तेवढंच.

लोक हात जोडायचे. झुंबरबाई रडायची. जखम झोंबायची त्याहून ते मागल्या जन्माचं जास्त झोंबायचं. अशा वेळी तिचा धाकटा भाऊ अप्पा तिचा हात घट्ट धरून बसायचा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला तिनंच वाढवलं होतं. बारामतीत एका डॉक्टरांकडं तो कंपाउंडर होता. ते सोडून आता मठात सेवेकरी झाला होता. तिला इथं आणलं त्यानंच. "आक्का, दवाखाने लई झाले. हितं उतार पडंल," असं म्हणाला होता. रोज घरी गंगेची बाटलीही तोच आणून द्यायचा.

उतार काही पडला नाही. जखम रुंदावली, तिला वास येऊ लागला, अंगात ताप भरला. शेवटी कुणाला न सांगता झुंबरबाई एसटीत बसली आणि इंदापूरला सबिना डॉक्टरांकडं गेली.

"यावर काय ओतता?" जखम पाहून डॉक्टरांनी विचारलं.

झुंबरबाईनं पिशवीतली बाटली काढली. डॉक्टरांनी पाण्याचा एक थेंब जखमेतला पू टिपलेल्या कापसाच्या बोळ्यावर टाकला, फेस पाहिला आणि घरातून एक बटाटा मागवला. तो चिरून अर्ध्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अर्ध्यावर स्वतःच्या कपाटातल्या तपकिरी बाटलीतलं. दोन्ही फोडी सारख्याच फसफसल्या.

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त, पू, कच्चं मांस, चिरलेला बटाटा, कशालाही लागलं की त्यातून वायू सुटतो आणि फेस येतो. धड कातडीवर काही होत नाही. पण रोज ओतलं की नवी धरू बघणारी कातडीच जळते. बाई, तुमची जखम भरत नव्हती, त्यात ह्या औषधाची भर पडली."

"मग पाप न्हाय?"

"दिवसभर उभं राहून पायातल्या शिरा ढिल्या झाल्यात. रक्त वर चढत नाही, खालीच साठतं. तेवढंच आहे."

त्यांनी पावलाची नाडी तपासली, जखम स्वच्छ केली, बोटांपासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी बांधली, तापावर गोळ्या दिल्या. बसताना पाय उशीवर उंच ठेवायला सांगितलं.

झुंबरबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. कंपाउंडर राहिलेल्या अप्पाला हे औषध ओळखू आलं नसेल?

ताप उतरल्यावर पहिल्याच गुरुवारी ती मठात जाऊन बसली. महाराजांनी पट्टी सोडायला सांगितलं. तिनं पिशवीतून चिरलेला बटाटा काढून पाटावर ठेवला.

"अप्पा, आधी ह्येच्यावर वत."

अप्पाचा चेहरा उतरला. महाराज गंगेच्या अपमानाबद्दल बोलू लागले. तोवर झुंबरबाईनं झारी उचलून स्वतःच ओतली. बटाटा फेसानं भरून गेला.

"महाराज, ह्येनं मागल्या जन्मी काय केलं व्हतं?"

मागं कुणीतरी हसलं, मग सगळेच. महाराज घाईघाईनं म्हणाले, "झारी अप्पा भरतो. मला काय ठावं?"

झुंबरबाई भावाकडं वळली. "माजाच पाय का रं?"

अप्पा खाली बघत म्हणाला, "तुजा पाय सगळ्यांला म्हाईत व्हता, आक्का. लोकांचा इस्वास बसला असता. वाटलं, पान्यानं काय बिघडत न्हाय."

"मी रडायची तवा हात धरायचास. तवा काय वाटायचं तुला?"

अप्पा खांद्यावरच्या पंचानं पाटावरचा फेस पुसू लागला.

महाराज आठवड्याभरात गाव सोडून गेले. जखम भरायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. त्याआधी दिवाळीला अप्पा आला, तेव्हा झुंबरबाईनं त्याला ओवाळलं, जेवू घातलं. पण पायाला कसं आहे म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा ती ताट उचलून आत निघून गेली.

हॉटेलात कुणी पायाला चिंधी बांधून आलं की ती त्याला बसवते, पाय बाकड्यावर ठेवायला लावते आणि सांगते, "देवाचं नाव घ्या, पन जखम डाक्टरला दावा. कुनी वरनं काय वतायला लागलं तर आधी इचारा, हे काय हाय. सख्खा भाऊ असला तरी इचारा."