विटांचं इंजिन

एरंडोलच्या एसटी स्टँडमागे तोतारामचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या आणि तो त्यांत तांब्याची नवी तार भरायचा. तार भरताना वेढे मोजावे लागतात. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक असो, उंबऱ्यात थांबायचं.

मी भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी होतो. वाफेच्या इंजिनांची राख ओढली, दांड्यांना तेल दिलं. ती इंजिनं भंगारात गेली आणि पाठोपाठ मीही गावी आलो. एकदा आम्ही दोघं जळगावला गेलो असताना एका दुकानाच्या काचेत प्लास्टिकच्या विटांचा डबा दिसला. एकीत एक दाबून बसवायच्या विटा. डब्यावर घराचं चित्र होतं.

तोताराम म्हणाला, "घर कसाले? घर तर शे. आपण तुनं इंजिन करूत."

चार वर्षं आम्ही ते करत होतो. काळ्या विटा डब्यात नसायच्या, म्हणून इंजिन लाल-पिवळं झालं. रंग दिला असता तर विटा एकीत एक बसल्या नसत्या. मला ते फार खटकायचं. पण चाकं कुठे, धुराडं किती उंच, दांडा कुठल्या चाकाला धरतो, हे मी बोटांनी मोजून सांगायचो. ते हुबेहूब उतरलं होतं. दांडे सायकलच्या तारांचे केले. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची होती. ती फार जोरात फिरायची, म्हणून तोतारामनं तिचं वायंडिंग सोडलं आणि केसासारख्या बारीक तारेचे जास्त वेढे भरले. सेल कोळशाच्या डब्यात बसवले. मोटर आणि चाकांच्या मधे पांढऱ्या प्लास्टिकचं एक दातेरी चाक होतं, चार आण्याच्या नाण्याएवढं. ते काढलं की नुसती मोटर फिरणार, गाडी जागची हलणार नाही.

गाव हसायचं. तोतारामची बायको शेवंताबाई सगळ्यांत जास्त. चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "केस पिकनात, आते खेळणा लागनात का तुमले?" तोताराम मान वर करायचा नाही. मला म्हणायचा, "एक दिन गाडी बठ्ठा लोकेस्ना समोर पळाडू. मंग देखजो, कोन हाससं ते."

तो दिवस चौऱ्याण्णव साली आला. धुळ्याचे एक सर, सुकदेव सर, आपली मोटर भरून न्यायला दुकानात आले होते. त्यांनी गाडी पाहिली आणि धुळ्याला एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं ती मांडायला बोलावलं. शाळेत नावं द्यायला तोताराम एकटाच गेला.

त्याआधी दोन वर्षं आम्ही दोघं साक्षरता वर्गाला बसलो होतो. मी साठीला आलो होतो, पण चिकाटीनं शिकलो. तोताराम कमी यायचा. उन्हाळा लागला की मोटरी जळतात, त्याला सवड नसायची. तरी तो पास झाला. सही झोकात करायचा. त्यालाही वाचता येतं, असंच मी धरून चाललो होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी खोकं मांडीवर धरून आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो. हॉलमध्ये टेबलं जोडून रूळ मांडले. शाळेच्या शिपायानं पुठ्ठ्याची पाटी आणून गाडीपुढे ठेवली. तोतारामनं ती जवळ घेऊन पाहिली, तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसला. मग तो चहाला गेला.

मी पाटी वाचली. पहिल्या ओळीत, निर्माता, तोताराम चिंधा महाजन. दुसऱ्या ओळीत, मार्गदर्शक, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव. त्यांनी तोवर गाडी पाहिलीही नव्हती. मी पुन्हा वाचली, एकेका अक्षरावर बोट ठेवून. माझं नाव नव्हतं.

आणि तो हसून चहाला गेला होता.

मी इंजिनाच्या पोटाखालची वीट काढली, पांढरं चाक काढून खिशात टाकलं, वीट परत दाबली. एवढ्याला किती वेळ लागतो?

पाहुणे आले. मुख्याध्यापक आले, सुकदेव सर आले, गर्दी झाली. तोतारामनं टोपी नीट केली आणि बटण दाबलं. मोटर घूं करून फिरली. गाडी उभीच. त्यानं पुन्हा दाबलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आबा, धक्का मारू का? आमच्या एसटीला लागतो!"

हॉल हसला. तोताराम टेबलाखाली वाकला, खोकं उलटं केलं, गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवला. पाहुण्यांनी विचारलं, "आजोबा, ही तुम्ही एकट्यानंच केली का?"

आता हा मला पुढे करील आणि सगळं माझ्यावर ढकलील, असं मला वाटलं. तोताराम उठला. पाटीच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मना एकलानं काम नई शे. हाई देखा, दोन्हीसना नाव लिखेल शेतस. हाऊ मना दोस्त शालिग्राम. इंजिननी बठ्ठी अक्कल यानी शे. मोटर मनी, बंद पडनी ती मनी चूक."

पाहुणे वाकून पाटी बघत म्हणाले, "अहो, हे तर या शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव आहे."

पुन्हा हसू झालं. या वेळी मुख्याध्यापकही हसले. तोतारामचं बोट त्या ओळीवरच राहिलं. मग त्यानं ते हळूच उचललं आणि धोतराला पुसलं.

खिशात चाक माझ्या मुठीत होतं. अजूनही ते बसवता आलं असतं. मी तसाच उभा राहिलो.

परतीच्या एसटीत पारोळा मागे पडेपर्यंत तो खोकं मांडीवर धरून बसला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "माले फक्त मनं नाव वाचता येस. दुसरं तुनंच व्हई, असं वाटनं."

मी खिशात हात घालून चाक चाचपलं.

"तुले तर वाचता येस. तू सकायले वाचं व्हतं ना?"

"हो."

"मंग माले काबर नई सांगं?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. इंजिन मोडून विटा पोत्यात भरलेल्या होत्या. सायकलच्या तारा भंगाराच्या डब्यात पडल्या होत्या. तोताराम वेढे मोजत बसला होता. मी उंबऱ्यात थांबलो. मग आत जाऊन पांढरं चाक त्याच्या पुढ्यात, फळीवर ठेवलं.

त्यानं ते पाहिलं. त्याचा हात थांबला नाही.

"एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस."

वेढ्यांची ती गुंडी भरून झाली. मी तोंड उघडलं. त्यानं तार न तोडता दुसरी गुंडी धरली आणि एकपासून मोजायला लागला.