झिगाचं रक्त, माझ्या रक्तवाहिन्या

मी एक काळा उंदीर बोलतोय. सेगेद शहरातल्या एका प्रयोगशाळेत, खालच्या फळीवरच्या पिंजऱ्यात राहतो. झिगा माझा सख्खा भाऊ, एकाच विणीतला. फरक एवढाच, की त्याच्यात एक जनुक नव्हतं आणि माझ्यात सगळी जागच्या जागी होती.

एवढ्यावरून त्याचं कोण कौतुक! त्या जनुकावाचून त्याचं आतडं सुजायचं, रक्त पडायचं. आमच्यावर संशोधन करणारी एमेशे रोज त्याला तळहातावर घ्यायची.

"झिगाराजे, आज पोट कसंय?"

त्याला नाव, भिजवलेलं मऊ खाणं. मला कानावरचा क्रमांक आणि कडक गोळ्या. मी नुसता जळायचो. पोट दुखावं म्हणून एकदा पिंजऱ्यातला भुसाही खाल्ला. काही झालं नाही.

एमेशेचा सहकारी टिवादार तिला चिडवायचा. "अगं, हे जनुक रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींसाठी. आतडं त्याच राखतात. तू उगाच रक्तवाहिन्यांच्या मागे लागलीस."

"वाहिनीची भिंतच गळकी असेल तर पेशी काय करतील रे? थांब, दाखवतेच."

तिने माझ्या हाडांतली मज्जा किरणांनी जाळली आणि झिगाच्या हाडांतली मज्जा मला दिली. रक्त मज्जेतच तयार होतं. म्हणजे आता रक्त त्याचं, वाहिन्या माझ्या. मी आजारी पडलो तर टिवादार खरा, नाही पडलो तर एमेशे.

मज्जेसाठी झिगाला मारावं लागलं. एमेशेचे डोळे लाल झाले होते. मला मात्र वाटलं, चला, आता माझी पाळी.

आणि खरंच, रोज वजन, रोज तळहात! मी आजारी पडायची वाट बघत बसलो. हिवाळा सरला. एके दिवशी एमेशेने बारीक दुर्बीण घालून माझं आतडं पाहिलं.

"टिवादार, ये इकडे! सूज नाही, रक्त नाही. जनुकाचं काम वाहिनीच्या भिंतीतच आहे!"

टिवादारने दुर्बिणीला डोळा लावला. "जिंकलीस बाई. लाव आता ह्याचा फोटो भिंतीवर."

"ह्याचा? ह्याच्या आतड्यात बघण्यासारखं आहे काय? झिगाचा लावते."

उद्या मलाही मारतील, माझ्याही आतड्याचे काप सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर जातील. एमेशेताई, एवढंच करा. लेख लिहाल तेव्हा आम्हा दोघा भावांना एकाच ओळीत लिहा. रक्त त्याचं होतं, कबूल.

पण जमलं तर मला आधी लिहा.