मलकापूरला कोण कोण येणार?

रविवारची सकाळ होती आणि चौगुल्यांच्या घरात सहलीचा बेत चांगलाच रंगात आला होता. टीपॉयवर पृथ्वीराजचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर एका पांढऱ्या गाडीचे फोटो एकामागून एक सरकत होते. बाहेरून पाहिलं तर मोठी टेम्पो ट्रॅव्हलर, पण आत अख्खं घर! पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, हात धुवायला बेसिन आणि मागच्या अंगाला दार लावून घ्यायचा संडास. दोन दिवसांसाठी ही गाडी भाड्यानं घेऊन मलकापूरला जायचं ठरत होतं. तिथं नदीकाठी पृथ्वीराजच्या मित्राचं रान होतं.

"अगं बाई, ही तर घरगाडीच की!" तानाबाई डोळे मोठे करून म्हणाल्या.

"मग! ह्यातच झोपायचं, ह्यातच चहा करायचा," पृथ्वीराज म्हणाला. "आणि आई, तू ह्या खेपेला कशाला हात लावायचा न्हाईस. तुला विश्रांती मिळावी म्हणूनच हा सगळा खटाटोप चाललाय."

सून मोना कागद न घेताच बोटांवर सामान मोजत होती. तांबडा रस्सा तिथं करायचा की घरून न्यायचा, यावर सासू-सुनेचा लटका वाद सुरू झाला. घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू येत होतं.

आणि त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, कृष्णात चौगुले बसून होते.

कृष्णात म्हणजे एके काळी शिरोली एमआयडीसीच्या फाट्यावरचा सगळ्यात मोठा आवाज. तिथं त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. यंत्रांच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळं घरातही ते बोलले की शेजारच्यांना कळायचं. मागच्या दिवाळीआधी एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवा हात लुळा झाला, पाय ओढला जाऊ लागला, आणि शब्द कुठंतरी आत अडकून बसले. "ह्यांना सगळं कळतंय, फक्त बोलताना शब्द अडतील. बोलायचा सराव सोडू नका," असं डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. पाच-सहा वेळा त्यांना सरावाला नेलं. मग पावसाळा आला, कामं आली आणि ते राहून गेलं.

मलकापूर! कृष्णातचं सगळं बालपण तिथं गेलेलं. नदीत कुठं खोल डोह आहे, कुठल्या दगडावर शेवाळ असतं, म्हशी कुठून पाण्यात उतरतात, हे सगळं आज त्यांच्या डोळ्यांपुढं लखलखत होतं. त्यांना सांगायचं होतं, की गाडी खालच्या अंगाला लावा, तिथं सावली असते. त्यांनी पहिला शब्द शोधला. तो सापडला, पण जिभेवर येईतो निसटला. पुन्हा धरला. ओठांपर्यंत आणला. तोवर बोलणं रश्श्यावरून अंथरुणांवर गेलं होतं आणि अंथरुणांवरून डासांवर.

रोज असंच व्हायचं. बोलण्याची गाडी त्यांच्यासमोरून भरधाव जायची, आणि हात वर करेपर्यंत लांब गेलेली असायची. भेटायला येणारे सुरुवातीला खूप आले. ते बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून विचारायचे, "बरं हाय का?" आणि उत्तराची वाट न बघता तानाबाईंकडं वळायचे, "जेवतोय का? झोप लागतीय का त्याला?" जणू कृष्णात तिथं नव्हतेच. हळूहळू तेही यायचे थांबले. चार माणसांनी भरलेल्या घरात इतकं एकटं पडता येतं, हे कृष्णातना साठी उलटल्यावर कळलं होतं.

"मामांना पण विचारूया की," अचानक मोना सासऱ्यांबद्दल म्हणाली. ती खुर्चीजवळ येऊन वाकली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं बोलली, "मामा, मलकापूरला, येताय का, तुम्ही?"

कृष्णात खुर्चीत पुढं सरकले. व्हय म्हणायचं होतं. फक्त व्हय!

"न्हाय," त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

आपलाच शब्द ऐकून ते हबकले. दुखण्यानंतर हा एक विचित्र खेळ सुरू झाला होता. व्हय आणि न्हाय कधी जागच्या जागी यायचे, कधी नेमके उलटे. ते दुरुस्त करायला त्यांनी तोंड उघडलं, डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली, पण पुन्हा तेच, "न्हाय! न्हाय!"

"बरं बरं, चिडू नगासा," तानाबाई त्यांचा खांदा थोपटत म्हणाल्या. "कोण न्हेत न्हाय तुमास्नी."

पृथ्वीराजनं लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. पण त्याच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव कृष्णातनी पाहिला. त्याचं कारणही त्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात एका लग्नात व्याह्यांकडच्या कुणीतरी "काय पावणं, कसं काय?" म्हणून विचारलं होतं, आणि कृष्णातच्या तोंडून शब्दाऐवजी एक सणसणीत शिवी निघाली होती. शिव्या तेवढ्या न अडखळता यायच्या! मंडप हसला होता. त्या दिवसापासून त्यांना कुठंच नेलं गेलं नव्हतं.

मग ठरलं. दोन दिवसांसाठी आजाऱ्यांची देखभाल करणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून एक माणूस येईल, मामांचं खाणंपिणं बघेल. सगळे पुन्हा लॅपटॉपभोवती बसले. कृष्णात खिडकीबाहेर बघत राहिले. तानाबाईंना विश्रांती हवी होती, हे त्यांना पटत होतं. तिनं जावंच. पण आपल्या गावच्या नदीवर आपली माणसं जाणार आणि आपण इथं एका परक्या माणसाच्या मोबाईलचा आवाज ऐकत पडणार, या विचारानं त्यांना रडू आलं. रडायला मात्र शब्द लागत नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दादासो कांबळे आले. दादासो म्हणजे कृष्णातचे मलकापूरच्या शाळेतले दोस्त, पुढं हायस्कुलात मराठीचे मास्तर झालेले. बायकोच्या आजारपणामुळं ते वर्षभर लेकीकडं नाशिकला होते. परवाच परतले होते आणि सामान लावायच्या आधी इकडं आले होते.

"किस्ना!" त्यांनी खुर्ची ओढली आणि कृष्णातच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. "फोनवर वहिनी म्हणायच्या, तू बोलत न्हाईस. म्हटलं, ह्यो आणि गप्प? समोर जाऊनच बघावं."

कृष्णातनी तोंड उघडलं. शब्द येईना. दादासो बसून राहिले. त्यांनी तानाबाईंकडं पाहिलं नाही, घड्याळाकडं पाहिलं नाही. शेवटी कृष्णातच्या ओठांतून आलं, "दा... दा."

"हां, दादा! आलो की मी!" दादासोंचे डोळे पाणावले.

तानाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सहलीचं सांगितलं. हे नको म्हणाले, तेही सांगितलं.

"मलकापूरला किस्ना न्हाय म्हणाला?" दादासोंना ते खरं वाटेना. ते मित्राकडं वळले. "काय रं? नदीवर जायचं न्हवं?"

"न्हाय," कृष्णात म्हणाले. पण त्यांच्या डाव्या हातानं दादासोंची बाही पकडली होती, आणि ती सुटत नव्हती.

दादासो त्या हाताकडं बघत राहिले. "मग घरातच थांबणार?"

"व्हय... न्ह... व्हय!" कृष्णातनी स्वतःच्या मांडीवर मूठ आपटली. चेहरा लालबुंद झाला.

दादासोंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. शेजारी चहाचा कप ठेवला. "किस्ना, बोलू नगंस. चष्मा म्हंजे मलकापूर. कप म्हंजे घर. कुठं जायचं, हात लाव."

 कृष्णातचा डावा हात पुढं आला. कपावरून गेला. आणि चष्म्यावर पडला! नुसता पडला नाही, त्यांनी चष्मा उचलून छातीशी धरला.

"अगं आई गं!" तानाबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजे... तुमी न्हाय म्हणता आणि तुमास्नी व्हय म्हणायचं असतंय? अवो, रोज सकाळी मी चहा घ्यायचा का इचारते, तुमी न्हाय म्हणता, आणि मी कप माघारी न्हेते! किती डाव न्हेला असंल मी!"

 दारात नुकताच कामावरून आलेला पृथ्वीराज उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो पडल्या आवाजात म्हणाला, "पण काका, त्यांना न्यायचं म्हणजे... लोकं बघतात. लग्नात काय झालं तुम्हाला माहीत न्हाय. आणि त्यांचेच हाल होतात."

"हाल त्याचं होत्यात का लाज तुला वाटती?" दादासोंचा आवाज चढला. "पृथ्वी, राग मानू नगंस. पर ज्या गाडीत पलंग हाय, संडास हाय, ती गाडी कुणाच्या कामाची? तुमी धडधाकट माणसं, तुमाला सतरंजी पुरती! आणि ज्याला तिची खरी गरज, त्यालाच मागं ठिवून निघालायसा?"

पृथ्वीराज मान खाली घालून उभा राहिला.

"मी ल्हानपणी तोतरं बोलायचो," दादासो जरा शांत होऊन म्हणाले. "माझं वाक्य वर्गातली पोरंच पुरं करायची. तेबी चुकीचं. मला म्हणायचं असायचं एक, आणि ती ठरवायची दुसरंच. हा किस्ना काय वेगळा न्हवता, सगळ्यात मोठ्यानं हाच हसायचा!" कृष्णातच्या तोंडावर ओशाळं हसू आलं. "माझ्या मास्तरांनी मला औषध दिलं न्हाय. ते फक्त थांबायचे. माझं बोलणं संपेस्तवर पुढच्या पोराला उठवायचे न्हाईत. आजारानं ह्याची जीभ अडवलीय रं, माणूस शाबूत हाय! तुमी त्याला विचारता, पर ऐकायला थांबता का?"

 मोना आतून कधी आली होती, कळलं नाही. तिचे डोळे भरले होते. विचारायची बुद्धी तिला झाली होती. पण उत्तर मिळताच तिलाही हायसं वाटलं होतं, हे तिचं तिलाच माहीत होतं.

पृथ्वीराज पुढं आला आणि वडिलांच्या पायाशी बसला. किती महिन्यांनी तो असा समोरासमोर बसत होता! "आबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मलकापूरला गाडी कुठं लावायची? सांगा तुम्ही. मी बसलोय."

कृष्णातनी डोळे मिटले. शब्द शोधत ते खोल उतरले. बाहेर एक रिक्षा गेली, कुकरची शिट्टी झाली, चहावर साय धरली. कुणी हललं नाही.

"खा... ल," कृष्णात म्हणाले. "साव... ली."

"खालच्या अंगाला, सावलीत?"

कृष्णातनी मान डोलावली. आणि मग लेकाच्या डोक्यावर हात ठेवून ते हमसून हमसून रडले.

ब्युरोच्या माणसाला नको म्हणून कळवलं गेलं. गाडी ठरल्या दिवशी मलकापूरला पोचली आणि खालच्या अंगाला उभी राहिली. तानाबाईंना विश्रांती मिळावी म्हणून आबांचं सगळं पृथ्वीराजनं स्वतःकडं घेतलं. नदीच्या कडेला खुर्ची टाकून त्यानं वडिलांना आंघोळ घातली. पहिल्यांदा त्याचे हात अवघडले, मग सरावले. तानाबाई झाडाखाली गाढ झोपल्या, आणि त्यांना कुणी उठवलं नाही.

त्या दोन दिवसांत कृष्णातची जीभ सुटली, असं काही घडलं नाही. बरीच वाक्यं अर्ध्यात राहिली. एकदा शिवीही गेली, पण मोना खळखळून हसली आणि म्हणाली, "मामा, हे मात्र झ्याक येतंय!" संध्याकाळी नदीवर सूर्य उतरताना पोहत असलेल्या पोरांकडं बघून कृष्णातना खूप काही सांगायचं होतं. ते त्यांच्या आतच राहिलं. ते एकटेपण पुरतं जाणारं नव्हतं. पण आता त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं.

परतायच्या दिवशी रानाशेजारचा एक म्हातारा म्हशी घेऊन आला. खुर्चीतल्या कृष्णातकडं बघून त्यानं पृथ्वीराजला विचारलं, "कुठलं पावणं? आणि ह्यास्नी बोलाय येत न्हाय व्हय?"

पूर्वीचा पृथ्वीराज असता तर त्यानं वडिलांच्या वतीनं सगळं सांगून टाकलं असतं. आज तो म्हणाला, "येतंय की. त्यांनाच इचारा. वाईच थांबायला लागतंय, एवढंच."

म्हातारा बावचळला. मग काठी टेकून समोर उकिडवा बसला. म्हशी पुढं पाण्यात उतरल्या. कृष्णातचे ओठ हलू लागले. एकदा थांबले, पुन्हा हलले. पृथ्वीराजच्या ओठांवर शब्द तयार होता, पण त्यानं तो गिळला.

"हि... त... लाच," कृष्णात म्हणाले. "मी हितलाच."

वाचकहो, आपल्या कित्येक घरांत असा एखादा कोपरा असतो, आणि त्यात असं एखादं माणूस बसलेलं असतं. आजारानं, वयानं किंवा जन्मानंच ज्याचे शब्द सावकाश येतात, असं. आपण त्याला जेवू घालतो, औषध देतो, आणि त्याच्या वतीनं हो-नाही ठरवून मोकळे होतो. यालाच आपण माया समजतो! पण माणसाला त्याचं उत्तर त्याचं त्याला देऊ न देणं, हा त्याच्यावरचा अन्यायच आहे. त्याला विचारा. आणि विचारल्यावर थांबा. त्या थांबण्यातच त्याला आपल्यात जागा मिळते.