आत कोण आहे ते दिसलं पाहिजे

मित्रांनो, भंगाराच्या ढिगात मी दिसलो तर जळकी साबणदाणी समजून पुढे जाल. पण मी एका जीपच्या छतातला जुना दिवा आहे.

गेवराईच्या सुंदररावांनी जीप घेतली, तेव्हापासून मी तिच्या छतात होतो. दार उघडलं की लागायचं, मिटलं की विझायचं, एवढंच माझं काम. उजेड लिंबाएवढा, पण गुणाचा. एकदा धारूरच्या घाटात भागवत ड्रायव्हर टायर बदलत होता आणि उघड्या दारातून बिबट्या आत येऊन बसला. माझा उजेड तोंडावर पडताच लाजला बिचारा, दार लोटून निघून गेला! भागवत हे नाकारतो. पण त्यानं डोळे मिटले होते, त्याला काय ठाऊक?

सुंदररावांच्या पत्नी केशरबाईंनी माझ्याच उजेडात आपल्या लहानग्या अमरसिंहाच्या पायातला काटा काढला होता. मी लागलो की देवघरातल्या दिव्याला जोडावेत तसे मला हात जोडायच्या.

सुंदरराव गेले. अमरसिंह पुढारी झाला. नारायणगडाच्या जत्रेआधी त्यानं जीप तानाजी वायरमनच्या दुकानात नेली.

"आतून असा झगमगाट कर, की रस्त्यावरल्या म्हातारीलाबी कळलं पायजे आत कोण हाय."

तानाजीनं एलईडीच्या चार लांबलचक पट्ट्या छताला चिकटवल्या आणि सगळ्या माझ्याच बारीक वायरीला जोडल्या.

भागवत म्हणाला, "मालक, बॅटरीपासून येगळी वायर घ्या, येगळा फ्यूज घ्या. ही वायर एका बल्बापुरती हाय."

"कावून? बल्ब मोठा का मी मोठा?"

बटण दाबलं, फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

"ह्यो फ्यूजबी विरोधकाचाच दिसतोय बे," अमरसिंह हसला. तानाजीनं फ्यूजच्या जागी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा कोंबला. जीप मांडवासारखी उजळली. मला मात्र ताप भरला.

तिन्हीसांजेला गडाच्या पायथ्याशी ही गर्दी! पुढे अमरसिंह काचेतून लोकांना नमस्कार करतोय, मागे केशरबाई.

"अमर, लई जळकट वास येतोय रे."

"उदबत्तीचा आसंल, आई." त्यानं मान वळवली नाही. मान लोकांकडे होती.

माझं झाकण वितळून गादीवर ठिबकलं आणि छताच्या कापडानं पेट घेतला. अमरसिंहानं दार उघडलं, उडी मारली. भागवतनं मागचं तापलेलं दार ओढून केशरबाईंना बाहेर काढलं. त्याचे दोन्ही तळहात भाजले.

दुसऱ्या दिवशी अमरसिंहानं चारचौघांत सांगितलं, "जुना दिवा शॉर्ट झाला. ड्रायवरनं ध्यान दिलं न्हाई." भागवतला घरी बसवलं, मला इथं फेकलं. पण अमरसिंहाची हौस फिटली बरं! आत कोण होतं आणि आधी बाहेर कोण पडलं, ते साऱ्या जत्रेला लख्ख दिसलं.

मित्रांनो, फ्यूज खोडी म्हणून उडत नाही. 'ही वायर पेलणार नाही' एवढं सांगून तो मरतो. त्याच्या जागी तार घालू नका, आणि सांगणाऱ्याला हसू नका.

या ढिगासमोरच एसटीचा थांबा आहे. परवा केशरबाई तिथं उभ्या होत्या. अमरसिंहाची नवी गाडी थांबली. दार उघडलं, छतातला दिवा लागला. केशरबाईंनी सवयीनं हात जोडले, पण पाय उचलला नाही.

"तू हो म्होरं," म्हणाल्या, "मी येष्टीनं येते."