भुरीच्या गळ्यातून सुटलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, कुत्र्याच्या गळ्यातला. मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात, तुळसाबाईंच्या पडवीत, खुंटीवर असतो. चामडं कडक झालंय, बकल गंजलंय, पण माझ्या पितळी बिल्ल्यावरचा आकडा अजून वाचता येतो. सत्तावीस. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात तर शेवटपर्यंत बसा. अर्धवट ऐकून गेलात तर मला राग येईल, आणि माझा राग लवकर जात नाही.

माझं चामडं मूळचं लामता गावच्या एका बैलाच्या घुंगरमाळेचं. बैल थकला, माळ उतरली, आणि १९८३ साली ते चामडं बस स्टँडजवळ बसणाऱ्या पुनाराम मोच्याकडे आलं. त्यानं त्याचे तीन पट्टे कापले. त्यातला मी मधला. आरीनं मला पाच छिद्रं पाडली, तेल पाजलं आणि म्हणाला, "बैलाचा माल हाय. कुत्र्याच्यानं तुटत नाही." मी खरंच कधी तुटलो नाही. त्याचा मला फार तोरा होता.

आम्हा तिघांना बनवून घेतलं होतं प्रभाकररावांनी. ते गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी, शाळेत शिकवणाऱ्या सुनीतीताईंनी आणि विड्या वळणाऱ्या तुळसाबाईंनी मिळून बेवारस कुत्र्यांसाठी एक मंडळ काढलं होतं. पाटी नाही, पेटी नाही. लोक त्यांना नुसतं 'कुत्तेवाले' म्हणत आणि हसत. रस्त्यावर जखमी कुत्रं दिसलं की ते तिघांपैकी कुणाच्या तरी घरी ठेवायचं, बरं करायचं आणि मग त्याला कायमचं घर शोधायचं, हे त्यांचं काम.

त्या वर्षांत मोकाट कुत्री मारायला नगरपालिकेची माणसं फिरायची. पिठाच्या गोळ्यात विष घालून टाकायची. गळ्यात पट्टा आणि बिल्ला दिसला की तेवढं कुत्रं सोडून द्यायची. नगरपालिकेनं मंडळाला दिलेले बिल्ले तीनच, म्हणून पट्टेही तीनच. त्यावरून एक नियम झाला. कुत्रं नव्या घरी निघालं की आमचा पट्टा काढून घ्यायचा, म्हणजे तो पुढच्या कुत्र्याला होतो. नव्या माणसानं आपला पट्टा बांधायचा. "पट्टा मंडळाचा, कुत्रं तुमचं," असं प्रभाकरराव प्रत्येकाला सांगत. सहा कुत्री माझ्या जिवावर वाचली. शहाण्यासारखा नियम आहे, असं मलाही वाटायचं.

मग भुरी आली. उकव्याहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं तिला आणलं. खदानीच्या एका ट्रकनं तिचा मागचा पाय चिरडला होता. प्रभाकररावांनी पाय वाचवला, पण लंगडेपण राहिलं. तुळसाबाईंनी तिला घरी ठेवून घेतलं आणि मी तिच्या गळ्यात तिसऱ्या छिद्रावर बसलो.

आठ महिने बसलो, मित्रांनो. तुळसाबाई अंगणात विड्या वळायच्या आणि भुरी त्यांच्या सुपाला नाक लावून पडायची. तंबाखूनं शिंका यायच्या, तरी हलायची नाही. "काहून बसतेस इथं? नाक जळते न तुये," असं बाई रोज म्हणायच्या, आणि भुरी रोज तिथंच. लोक कुत्रं बघायला येत, तिची चाल बघत आणि दुसरं कुत्रं मागत. मला संताप यायचा. पाय लंगडा होता, माया लंगडी नव्हती.

सुनीतीताई एकदा म्हणाल्या, "बाई, तुम्हीच ठेवून घ्या ना हिला."

"मी हिले ठेवली तं पुढच्याले जागा कुठं?" तुळसाबाई म्हणाल्या. त्यांची पडवी दोन हात रुंद होती. त्यांचं बरोबरच होतं.

शेवटी वारासिवनीच्या राइस मिलमध्ये काम करणारे घनश्याम आले. भुरीनं त्यांचा हात चाटला आणि त्यांना ती आवडली. माणूस चांगला होता, हे मी शपथेवर सांगतो.

"पट्टा आणलात का?" प्रभाकररावांनी विचारलं.

"घेऊन ठेवला हाय घरी, काकाजी. बिल्ला भी हाय. गेल्याबरोबर बांधतो."

तुळसाबाई मध्ये पडल्या. "भाऊ, आजच्या दिवस हा राहू द्या न तिच्या गळ्यात. ते पाठवतील उद्या."

प्रभाकररावांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथं टिकल्या नावाचं एक पिल्लू बांधलं होतं, आदल्या दिवशी आलेलं, उघड्या गळ्याचं. बाकीचे दोन्ही पट्टे दुसऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात होते. "नियम आपण तिघांनीच केला ना, तुळसाबाई? आज हिच्यासाठी मोडला तर याच्या गळ्यात काय बांधू?"

बाई भुरीजवळ वाकल्या. त्यांनीच मला सोडलं. भुरी दोरीला बांधून गेली, आणि त्याच मिनिटाला मी टिकल्याच्या गळ्यात, पहिल्या छिद्रावर.

घनश्यामांनी खोटं सांगितलं नव्हतं, हे नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. पट्टा त्यांच्या घरी कोनाड्यात होता. पण भुरी नव्या जागेत थरथरत होती. पाहुणीचा गळा पहिल्याच दिवशी कशाला आवळायचा, जरा रुळू दे, असं त्यांना वाटलं. त्यांनी मायेपोटी उशीर केला. भुरीनं दोरी चावून तोडली आणि लंगडत लंगडत बालाघाटची वाट धरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई विड्या पोचवायला कारखान्यात गेल्या होत्या. मी टिकल्यासोबत अंगणात होतो. गल्लीत गोळेवाली माणसं आली. एकानं फाटकातून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इसको पट्टा है." आणि पुढे गेला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मला भुरी दिसली. धुळीनं माखलेली, तीन पायांवर उड्या मारत घराकडे येत होती. गळ्यात चावलेल्या दोरीचा तुकडा, पट्टा नाही. टिकल्या भुंकला, मला ताण देऊन देऊन भुंकला. पुनाराम खरं बोलला होता. मी तुटलो नाही. गोळा तिच्यासमोर पडला. ती दोन दिवसांची उपाशी होती.

ती फाटकापर्यंत पोचली, एवढंच. तुळसाबाई परत आल्या तेव्हा ती तिथंच आडवी होती. बाईंनी रिकामं सूप खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "आलती न माय घरी," एवढंच म्हणत राहिल्या.

संध्याकाळी प्रभाकरराव आले. घनश्याम शोधत शोधत सायकलवर आले, नवाकोरा पट्टा हातात घेऊन. कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं. प्रभाकरराव उठताना म्हणाले, "नियम माझा होता, तुळसाबाई."

"हौ," बाई म्हणाल्या. "सोडला मीनं."

मंडळ त्यानंतरही चाललं. टिकल्याला घर मिळालं तेव्हा घेणाऱ्या बाई पट्टा घेऊन आल्या. तुळसाबाईंनी तो आधी त्याच्या गळ्यात बांधला, दोनदा ओढून पाहिला, आणि मगच मला सोडलं. तोवर टिकल्याच्या गळ्यात आम्ही दोघं होतो, एक नवा आणि एक जुना. तेव्हापासून प्रत्येक कुत्रं त्या अंगणातून असंच निघतं. आता मी म्हातारा झालो म्हणून खुंटीवर आहे, पण त्या रोज माझ्यावरची धूळ पुसतात. पुसताना बोट तिसऱ्या छिद्रापाशी थांबतं. ते इतरांपेक्षा थोडं ताणलं गेलंय.

मित्रांनो, तुम्ही कधी एखादं कुत्रं घरी आणाल. ते थरथरेल, तुम्हाला त्याची दया येईल. येऊ द्या. पण त्याच्या गळ्यातलं जुनं सोडायच्या आधी तुमचं बांधा. आमच्या भुरीला ते एक मिनिट कुणी दिलं नाही.