अकराव्या क्रमांकाची सीडी

क्लीटस ब्रॅनम या अमेरिकन फंक गायकाच्या तिसऱ्या अल्बमच्या आजवर अकरा आवृत्त्या निघाल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत चांगली कोणती वाजते, हे मी चार वर्षे सप्रमाण, तक्त्यासह आणि पूर्णतः चुकीचे सांगत आलो. चूक कशी झाली याची नोंद असावी म्हणून हे लिहीत आहे. नोंद न ठेवलेली चूक पुन्हा होते, असे आम्हाला तंत्रनिकेतनात शिकवले होते. नोंद ठेवलेली चूकही चार वर्षे टिकते, हे शिकवायचे राहून गेले.

मी रावसाहेब रामटेके. नागपूरला पदविका घेतली आणि लखनौच्या एका संशोधन संस्थेच्या उपकरण विभागात चौतीस वर्षे नोकरी केली. संस्थेतले शास्त्रज्ञ शोध लावत. शोध लागता लागता जे यंत्र बंद पडे, ते मी सुरू करत असे. एक अमेरिकन पाहुणा शास्त्रज्ञ मायदेशी परतताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि ब्रॅनमच्या चार रेकॉर्डी माझ्याकडे ठेवून गेला. त्या मी निवृत्त होईपर्यंत कपाटावरच होत्या. निवृत्तीनंतर शैलाने, म्हणजे माझ्या पत्नीने, कपाट पुसायला काढले आणि माझे शिक्षण नव्याने सुरू झाले.

फंक ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या ठोक्याला सर्व वादक एकत्र हजर असतात आणि उरलेल्या तीन ठोक्यांत जो तो आपापल्या वाटेने जातो. पुढच्या पहिल्या ठोक्याला मात्र पुन्हा सगळे जागेवर. सरकारी कार्यालयात हजेरीपटाचा मला जो अनुभव होता, त्यामुळे हे संगीत मला पहिल्याच दिवशी समजले.

जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या निघतात तेव्हा प्रत्येक कंपनी सांगते की मूळ टेपवरून आम्हीच खरा आवाज काढला. हे तपासण्याजोगे विधान आहे, म्हणून मी ते तपासू लागलो. इंटरनेटवरच्या एका श्रोतृगटातून तिसऱ्या अल्बमच्या आठ रेकॉर्डी आणि तीन सीडी मी मिळवल्या, उसन्या आणल्या, काही परतही केल्या. अमीनाबादच्या बाजारातून आणलेल्या मखमलीने प्रत्येक रेकॉर्ड पुसून, पडदे लावून, एकच खुर्ची एकाच जागी ठेवून ऐकली आणि तक्ता तयार केला. स्तंभ सहा: देश, वर्ष, बेस, झांज, गायन, शेरा. पहिला क्रमांक जर्मन रेकॉर्डीला. तिचा बेस असा भारदस्त की शैलाची स्टीलची ताटे मांडणीवर हलत. शेवटचे तीन क्रमांक तिन्ही सीडींना, आणि त्यांतला अकरावा एका जुन्या सीडीला. शेरा: 'गायकाला गाडी पकडायची असावी.'

ही सीडी चंद्रहास सबनीस यांची. सबनीस आमच्याच संस्थेतले निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ, मूळचे पुण्याचे, आणि डॉक्टरेट झाल्याचे विसरू न देणारे. दर रविवारी ते चहाला येतात आणि माझ्या खुर्चीत बसतात.

"रामटेके, माझी सीडी घाईत नाही. तुमची रेकॉर्ड पेंगते आहे," ते म्हणत.

"सबनीस साहेब, मी वेग तपासला आहे."

"कशाने?"

"चकतीने."

आणि खरोखर तपासला होता. वेग तपासण्यासाठी रेघांची एक कागदी चकती मिळते. ती फिरत्या थाळीवर ठेवून ट्यूबलाइटखाली पाहायची. वेग बरोबर असला तर रेघा स्थिर दिसतात. नसला तर पुढे किंवा मागे सरकतात. मला ती चकती अमेरिकेतून मागवलेल्या एका रेकॉर्डीबरोबर फुकट आली होती. प्रथम ठेवली तेव्हा रेघा सरकत होत्या. थाळीखालचा स्क्रू मी बराच, अगदी बराच फिरवला, तेव्हा कुठे त्या थांबल्या. वहीत लिहिले: 'कारखान्याकडून वेग चुकीचा बसवला गेला होता. दुरुस्त केला.' सबनिसांना ही वही दाखवली की ते बिस्किट खाऊ लागत.

आता पायलविषयी. पायल आमची मुलगी. वय एकोणतीस, नोकरी विमा कार्यालयात, जन्म लखनौच्या इंदिरानगरमधला. मराठी तिला सगळे कळते, उत्तर हिंदीत येते. कॉलेजपासून ती बेस गिटार वाजवते. शहरात जे दोन-तीन बँड आहेत त्यांना गिटारवाले हवे तितके मिळतात, बेसवाला लागतो तेव्हा भावाचा मित्र उभा करतात. पायलला कोणी विचारत नसे. तीन वर्षे ती आपल्या खोलीत हेडफोन लावून, ज्या बँडमध्ये नव्हती त्याच्यासाठी सराव करत होती. मागच्या महिन्यात विक्रम नावाच्या ड्रमरचा फोन आला. त्यांचा बेसवाला बंगळूरला निघून गेला होता. रविवारी फोन, बुधवारी चाचणी, आणि गाणे कोणते, तर ब्रॅनमच्या तिसऱ्या अल्बममधले पहिले.

घरात मला इतका आनंद प्रॉव्हिडंट फंड मिळाला तेव्हाही झाला नव्हता. मी तिला बजावले, "मोबाइलवर अजिबात ऐकू नकोस. त्यात बेसचा चिखल होतो. जर्मन रेकॉर्डवरून बसव."

तिने आयुष्यात माझे जसेच्या तसे ऐकले अशी ही एकमेव गोष्ट. तीन दिवस ती माझ्या प्लेअरसमोर जमिनीवर बसली. सूर जुळेना म्हणून तिने गिटारच्या चारही तारा सैल केल्या, तेव्हा जुळले. 'ब्रॅनमचा वादक तारा सैल ठेवत असावा. कोठेही उल्लेख नाही,' अशी नोंद करून मी ती श्रोतृगटावर टाकली. एकेचाळीस जणांनी अंगठा दिला.

बुधवारी संध्याकाळी ती परत आली आणि चपलाही न काढता बैठकीत उभी राहिली. सबनीस नेमके आले होते.

"पापा, आपकी मशीन ग़लत है."

"काय झालं ते आधी सांग," शैला म्हणाली.

"चार लोग खड़े हैं, गाना शुरू हुआ, और मैं अलग ही गाना बजा रही हूँ. सुर भी नीचे, स्पीड भी कम. विक्रम बोला, दीदी, गाना एक सौ बीस बीट का है, आप सौ पे बजा रही हैं, कोई ग़मी हो गई क्या घर में?"

सबनिसांनी कप खाली ठेवला. हसू नये म्हणून त्यांनी जे तोंड केले, ते हसण्यापेक्षा वाईट होते.

"मग? नाही म्हणाले?" मी विचारले.

"बोले, शनिचर को एक बार और आ जाओ. तब तक एक और लड़के को सुन लेंगे."

"यंत्र चुकीचे असू शकत नाही. मी चकतीने..."

"अहो, ती चकती ठेवा बाजूला," शैला म्हणाली. ती टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षे होती आणि कोणत्याही यंत्रावर तिचा मुळात विश्वास नाही. "फिरते ना ती थाळी? मग मोजा. एवढं काहून अवघड करता?"

मी थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली. सबनिसांनी घड्याळ धरले. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे व्हायला हवेत. पायल मोठ्याने मोजत होती. सबनीस 'थांबा' म्हणाले तेव्हा ती अठ्ठावीसपर्यंतही पोहोचली नव्हती.

"सत्तावीस आणि पाऊण," सबनीस म्हणाले. "पुन्हा मोजू या. मी डॉक्टर आहे, दोनदा मोजतो."

पुन्हा तेच.

मी चकती हातात घेतली आणि चार वर्षांत प्रथमच तिच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचला. त्यात लिहिले होते की ही चकती साठ हर्ट्झच्या विजेसाठी आहे. अमेरिकेतला दिवा साठ हर्ट्झवर लुकलुकतो, आपला पन्नासवर. अमेरिकेच्या चकतीवर लखनौचा उजेड पाडला की रेघा थांबतात खऱ्या, पण सहापैकी पाचच भाग वेगाला. म्हणजे यंत्र कारखान्यातून अगदी बरोबर आले होते, आणि ते मी अत्यंत काळजीपूर्वक बिघडवले होते.

हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक अमेरिकन यंत्रावर लाल रंगात 'साठ हर्ट्झ, सावधान' अशी पट्टी लावण्याची प्रथा मीच पाडली होती. एकदा पट्टी न पाहता यंत्र जोडल्याबद्दल मी एका शास्त्रज्ञाला जिन्यात उभे करून वीस मिनिटे बोललो होतो.

"तो शास्त्रज्ञ मी होतो," सबनीस म्हणाले.

मी स्क्रू उलटा फिरवला. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा घड्याळ, तेहतीस आणि थोडे. मग जर्मन रेकॉर्डीवर सुई ठेवली. ब्रॅनम माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. चार वर्षे मी ज्याला पन्नाशीचा, जड अंगाचा, विचारी माणूस समजत होतो, तो पंचविशीचा निघाला आणि त्याच्या अंगात काहीतरी शिरलेले होते. मागे साथ करणाऱ्या तिघांची नावे कव्हरवर लोरेटा, डेलोरेस आणि रूबी अशी होती. तरी मी तक्त्यात 'तीन पुरुष गायक, खर्जात उत्तम' असे लिहिले होते. अमेरिकेत काहीही चालते अशी माझी समजूत होती. त्या तिघी आता स्पष्टपणे बायका होत्या, आणि मला वाटले, थोड्या रागावलेल्याही.

"पर बेस तो अब भी साफ़ नहीं है," पायल म्हणाली.

ती खरी अडचण होती. ब्रॅनमच्या बेसवादकाची करामत मुख्य सुरांत नाही. दोन सुरांच्या मध्ये तो तार दाबून नुसता 'टक्' असा मुका ठोका देतो, आणि त्या मुक्या ठोक्यांवर सगळे गाणे चालते. ते ऐकू आले तरच बसवता येणार होते. योग्य वेगात जर्मन रेकॉर्डीचा भारदस्त बेस नुसता सुजलेला वाटत होता. ठोके त्या सुजेत बुडाले होते. हातात दोन दिवस होते.

गुरुवारी पायलने रजा टाकली आणि आम्ही चाचणी घेतली. शैला चादरीआड बसून एकेक आवृत्ती लावत होती. कोणती लागली आहे हे आम्हाला दिसत नव्हते. प्रश्न एकच: पहिल्या आठ ओळींत मुके ठोके किती ऐकू येतात? पायल बोटाने मोजून कागदावर आकडा लिहिणार, सबनीस स्वतंत्रपणे लिहिणार. मला कागद दिला गेला नाही.

"तुम्ही फक्त बसा," शैला चादरीआडून म्हणाली. "तुमचे कान चार वर्षं सुट्टीवर होते."

जपानी रेकॉर्ड: नऊ. अमेरिकन, महागडी, दोन तबकड्यांची: अकरा. जर्मन: चार. दुपारी वरण-भात झाला. नंतर शैलाने काहीतरी लावले आणि पायलचे बोट थांबेचना. तिने पेन्सिल खाली ठेवली, गिटार उचलली, आणि ते संपेपर्यंत कोणाकडे पाहिले नाही.

"तेईस," ती म्हणाली. "मम्मी, ये कौन सा है?"

"प्लॅस्टिकच्या डबीतलं," शैला म्हणाली. "ज्याच्यावर चहाचा डाग आहे."

सबनिसांची सीडी. सन एकोणीसशे ब्याण्णव. ती काढणाऱ्या कंपनीकडे सुधारणा करायला ना यंत्रे होती ना पैसे. मूळ टेप लावली, उतरवली आणि माणसे घरी गेली. बाकीच्या दहाही जणांनी आवाज सुधारला होता. अकरावा क्रमांक मिळालेली ही एकच आवृत्ती अशी, जिला कोणी हात लावला नव्हता.

सबनिसांनी डबी उचलून तिच्यावरचा चहाचा डाग रुमालाने पुसला. मला वाटले, ते मोठेपणाने सोडून देत आहेत.

"रामटेके," ते म्हणाले, "गाडी पकडायची असावी, हा शेरा कोणत्या पेनाने लिहिला होता? खोडता येईल असा आहे का?"

"शाईचा आहे."

"मग राहू द्या. खाली माझं नाव घाला. पदवीसह."

शुक्रवारी ती सीडी आमच्या घरात सकाळी सातपासून वाजली. समोरचे भैयाजी विचारायला आले की मोटर जळते आहे का. शैलाने सांगितले की नाही, मुलीची परीक्षा आहे. ते म्हणाले, मग ठीक आहे, त्यांच्या मुलाचीही आहे.

शनिवारी पायलचा अँप्लिफायर रिक्षात मावेना, म्हणून तो सबनिसांच्या स्कूटरवर पुढे ठेवला आणि मागून मी आणि पायल ई-रिक्षाने चिनहटला गेलो. बँडचा सरावाचा हॉल म्हणजे औद्योगिक वसाहतीतली प्लायवूडच्या कारखान्यामागची एक पत्र्याची शेड होती. दारात दुसरा उमेदवार उभा होता. त्याच्याजवळ सबनिसांच्या स्कूटरपेक्षा महाग गिटार होती आणि तो वाजवून झालेला होता.

विक्रमने पायलला आत घेतले आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना नम्रपणे बाहेर ठेवले. आम्ही सबनिसांच्या स्कूटरला टेकलो. पत्र्यातून पहिला ठोका आला, सगळे एकत्र. मी घड्याळ काढले. पंधरा सेकंदांत तीस. एकशेवीस.

"बरोबर?" सबनीस म्हणाले.

"बरोबर."

अर्ध्यात सगळे थांबले. आतून विक्रमचा आवाज आला, मग पायलचा, मग कोणाचे तरी हसणे. सबनिसांनी माझ्याकडे पाहिले. मी पत्र्याकडे पाहत होतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या खेपेस मुके ठोके पत्र्यावरही जाणवत होते, एखादा माणूस पलीकडून बोटाने वाजवत असावा तसे. गाणे शेवटपर्यंत गेले. मग काहीच आवाज नाही, आणि मग अगदी दुसरेच गाणे सुरू झाले, जे तिला कोणी बसवायला सांगितले नव्हते. ती मागून चाचपडत त्यात शिरली. चुकत होती, पण कोणी थांबवत नव्हते. दुसरा उमेदवार थोडा वेळ ऐकून आपली गिटार पाठीला लावून निघून गेला.

अर्ध्या तासाने दार उघडले. विक्रम घामाने निथळत होता.

"अंकल, स्कूटर ज़रा हटा लीजिए, दरवाज़ा पूरा खोलना है."

"का? संपलं?" मी विचारले.

"नहीं नहीं. दीदी का अँप पीछे वाले कमरे में रखवा रहे हैं. हर हफ़्ते इंदिरानगर से कौन ढोएगा."

सबनिसांनी स्कूटर हटवली. अँप्लिफायर जड होता. एका बाजूने विक्रमने धरला आणि दुसऱ्या बाजूने मी.