पालखीचा पुढचा खांदा

दादाच्या पत्राला सहदेवाने उत्तर दिलं नाही, कारण त्यातला प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

पत्र आलं तेव्हा तो परळच्या खोलीत मुदतीच्या तापाने पडला होता. खोलीतला सोबती भिकू, तोही कुडपणचाच. त्याने उशाशी बसून पत्र वाचून दाखवलं. कुशाबादादाला अक्षरओळख नव्हती. त्याने ते शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. ‘यंदा चैत्री पुनवेला पालखीचा पुढचा खांदा तुझ्या पाळीचा. परंतु आपल्या बनूचे सासरे महिपती म्हणतात, तो मान आमच्या घराला द्यावा. तुझी हरकत असल्यास पाडव्याच्या आत कळवणे.’

“काय लिहू?” भिकूने विचारलं.

सहदेवाने भिंतीकडे तोंड फिरवलं. असलं काही कोणी मागतं का? आणि मागितलं तरी त्याला काय उत्तर द्यायचं?

पालखी देवळातून उचलताना पुढचा खांदा त्यांच्या घराण्याचा. एका वर्षी कुशाबा, एका वर्षी सहदेव. शेत कुशाबा कसायचा, घरात त्याचाच संसार, बनू त्याचीच लेक. सहदेवाची बायको गेली होती आणि मूलबाळ नव्हतं. गावात त्याचं म्हणावं असं काय, तर दोन वर्षांतून एकदा देवळापासून पाणवठ्याच्या वडापर्यंत खांद्यावर पडणारं ते ओझं.

ताप उतरला, पण अंगात काही उरलं नाही. केसांचे पुंजके हातात यायचे. पुनवेच्या दोन दिवस आधी भिकू गावी निघाला. “तू येऊ नको रे,” तो म्हणाला. “वाटेत मरशील.” सहदेवाला ती माया वाटली. इतके दिवस त्यानेच तर पेज भरवली होती.

पुनवेच्या पहाटे तो पोलादपूरला एस.टी.तून उतरला. पुढे कुडपणापर्यंत पायवाट, आणि वरचा सगळा चढ. तो धडधाकट असताना जेवणवेळेला घरी पोचायचा. आज पालखी उठायच्या आत, म्हणजे उन्हं कलायच्या आत पोचला तरी पुष्कळ होतं.

पहिला कोस बरा गेला. दुसऱ्यात पोटऱ्या थरथरायला लागल्या. त्याने एक काठी तोडून घेतली. त्या झाडापर्यंत, मग त्या कातळापर्यंत, असं स्वतःला फसवत तो चालत होता. पुढे पुढे झाडं जवळजवळची निवडायला लागला. घाम यायचा तोही गार. एका ओढ्यात ओंजळभर पाणी उरलं होतं. ते प्यायला तो वाकला, आणि उठताना दोन्ही हात टेकावे लागले. आजूबाजूला कोणी नाही हे त्याने आधी पाहून घेतलं.

चढाच्या पायथ्याशी चार घरांची वाडी होती. एक म्हातारी अंगणात शेण्या थापत होती. तिने त्याला पाहिलं, हात धुतले आणि न विचारताच नाचणीची आंबील आणून दिली.

“कुणाचा रे तू?”

“कुडपणचा. कुशाबाचा भाऊ.”

“मुंबैचा?” म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अरे, मग असा कशाला आलास तडफडत? काल तुमच्याकडचा तो भिकू सांगून गेला. म्हंगला, सहदेवानं खांदा सोडला, यंदा महिपती धरणार.”

“मी नाय सोडला.”

“मग तो बोलला ते?”

सहदेवाने भांडं खाली ठेवलं. आंबील अर्धी तशीच राहिली.

नंतरचा चढ त्याला नीट आठवला नाही. करवंदीच्या जाळीत धोतर अडकलं, ते सोडवायला थांबला आणि तिथेच बसून राहिला. वाटेत मरशील. भिकूचा तो आवाज आता निराळा ऐकू येत होता. रागाने माणसाच्या पायांत बळ येतं म्हणतात. त्याच्या पायांत काही आलं नाही. पाय फक्त उचलत राहिले.

पठारावर आला तेव्हा ढोल वाजत होता. पालखी देवळाच्या पायरीवर होती. पुढच्या दांडीला महिपती उभा, डोक्याला नवा फेटा. सहदेव गर्दीतून पुढे सरकला आणि काही बोलला. ढोलात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मग कुशाबाने त्याला पाहिलं आणि हात वर करून ढोल थांबवला.

“दादा, ही पाळी माझी.”

“तुला पत्र धाडलं व्हतं ना?”

“धाडलंस.”

“मग? गावकीत जो गप बसतो तो राजी. हे मी तुला शिकवू?”

“ती गावकी. हे पत्र. आजारी माणसाला धाडलेलं.”

“भिक्या, तू वाचलंस ना त्याला?”

भिकू खांबाशी उभा होता. “वाचलं,” तो म्हणाला. “दोनदा वाचलं. काय लिहू म्हणून इचारलं. तो काय बोलला नाय.” सहदेवाकडे न बघताच त्याने पुढे जोडलं, “तुझं भलंच बघितलं रे मी.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सहदेवाला सगळ्यात जास्त तेच लागलं.

महिपती हसला. “पाव्हणं, सोता काठी टेकत आलाव. देवाला टेकवाल कुठं तरी.” दोघे-चौघे हसले.

कुशाबा जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “बनूला नांदवायची हाय मला. दोन वेळा माघारी धाडली तिला. या माणसाला हेच पायजे व्हतं. तू मुंबैला सुटलास, मी हितं ऱ्हातो.” मग म्हणाला, “चार पावलं घे हवं तर. मी इचारतो त्यांना.”

“माझा खांदा, आणि इचारायचं त्यांना?”

कुशाबाने मान फिरवली. ढोल पुन्हा सुरू झाला आणि पालखी उठली. ती वडाकडे गेली. सहदेव पायरीवर बसून राहिला. तिथून धावत जाऊन आडवं व्हावं इतकंही अंगात नव्हतं. आणि अंगात असतं, तरी तो गेला असता का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वहिनीने ताट वाढलं. तो चार घास जेवला आणि पडवीत आडवा झाला. सकाळी कोणी उठायच्या आत त्याने बोचकं उचललं. उतार चढापेक्षा वाईट होता. गुडघे दर पावलाला सुटत होते. पोलादपूर आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

टपाल कचेरीत त्याने एक कार्ड घेतलं. तो तीन इयत्ता शिकला होता, पण लिहायची सवय राहिली नव्हती. कुडपणात मुंबईकरांचं कार्ड आलं की मास्तर ते देवळाच्या चौथऱ्यावर मोठ्याने वाचतात. ज्याचं असेल तो ऐकतो आणि बसलेले सगळे ऐकतात. चारचौघांत ऐकलेलं गावकी पुसत नाही. पुढच्या पाळीला कोणी म्हणालं की सहदेव गप्प होता, तर म्हणणाऱ्याला हे कार्ड आठवावं लागेल. त्याने खांदा परत मिळेल की नाही, ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने लिहिलं: ‘तीर्थरूप दादास सहदेवाचा साष्टांग नमस्कार. तुझे पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला. माझी हरकत आहे. मान मी सोडला नाही. बनूस आशीर्वाद.’

शेवटचं वाक्य खोडावं का, असा विचार त्याने बराच वेळ केला. मग ते तसंच ठेवून कार्ड पेटीत टाकलं, आणि बसायला सावली शोधू लागला.